लांबी कुठून कुठपर्यंत? मिग-२१ आणि चेतकच्या प्रतिकृतीतून गुणोत्तर-प्रमाण

इयत्ता : सातवी, आठवी
विषय : गणित (गुणोत्तर व प्रमाण), कार्यानुभव, थोडे विज्ञान
वेळ : आठ ते दहा तासिका, शिवाय घरी एक-दोन रविवार



आज एक उपक्रम सांगणार आहे, आणि त्यासोबत माझी एक चूकही. उपक्रम चांगला झाला, पण मला जास्त शिकवलं ते त्या चुकीनेच. म्हणून आधी तीच सांगते.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ विमान भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले. १९६३ पासून, म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ ते सेवेत होते. आमच्या शाळेपासून ओझर फार लांब नाही. तिथल्या एचएएलच्या कारखान्यात ही विमाने तयार होत, त्यामुळे गावात कुणाचे आजोबा, कुणाचे काका तिथे नोकरीला होते. वर्गात सगळीकडे मिगचीच चर्चा. मी मनात म्हटलं, गुणोत्तर-प्रमाणाचं प्रकरण शिकवायला यापेक्षा चांगली संधी कधी मिळणार? दिवाळीच्या सुट्टीनंतर ठरवले की प्रत्येक गटाने मिग-२१ ची १:५० प्रमाणातली पुठ्ठ्याची प्रतिकृती करायची.

मी फळ्यावर लिहिले : विमानाची लांबी १५.७६ मीटर, पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. भागाकार करून आणा.

बहुतेकांनी लांबी ३१.५ सेंमी काढली. एका मुलाने मात्र २४.६ सेंमी लिहून आणले. हा मुलगा गणितात मागे, हात मात्र फार सफाईदार. मी वही पाहिली, लाल पेनाने फुली मारली आणि पुढच्या वहीकडे वळले. त्याने काही विचारले नाही, मीही विचारले नाही.

आठवड्याने प्रतिकृती आल्या. या मुलाचे विमान सर्वांत नीटनेटके होते, पण विचित्र दिसत होते. धड लांबच लांब आणि पंख इवलेसे. जवळून पाहिल्यावर कळले की धडाच्या नळीला मधे सात सेंमीचा तुकडा जोडलाय. जोड अगदी बेमालूम, पण दिसत होता.

त्या दिवशी वर्गातल्या एका मुलीचे आजोबा मुद्दाम विमाने बघायला आले होते. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते या विमानापाशी थांबले.

"बाळा, काम सुरेख केलंयस. पण हे असं लांबुडकं का झालं?"

मुलगा म्हणाला, "आधी बरोबर होतं आजोबा. बाईंनी चूक दिली, मग वाढवलं."

आजोबांनी माझ्याकडे पाहिले आणि अगदी साधेपणाने विचारले, "मॅडम, तुम्ही लांबी दिलीत ती कुठून कुठपर्यंतची?"

माझ्याकडे उत्तर नव्हते.

मुलाने आकडा फळ्यावरून घेतलाच नव्हता. त्याने घरी मोठ्या भावाच्या मोबाइलवर विमानाचे रेखाचित्र शोधले होते. त्यावर दोन लांब्या होत्या. एक १५.७६ मीटर : नाकापुढे काढलेल्या लांब नळीच्या टोकापासून शेपटीच्या मागच्या टोकापर्यंत. दुसरी १२.२८५ मीटर : हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या कडेपासून इंजिनाच्या मागच्या नोझलपर्यंत. त्याला धडाची नळी करायची होती, म्हणून त्याने दुसरी घेतली. १२.२८५ मीटर भागिले ५० म्हणजे २४.६ सेंमी. बाकीच्या गटांनी पूर्ण ३१.५ सेंमीची नळी केली आणि वर आणखी पुढे काडी लावली! म्हणजे ज्यांना मी बरोबरची खूण दिली त्यांची विमाने चुकीची होती. ज्याला फुली दिली त्याचे बरोबर होते, आणि माझ्या फुलीमुळे त्याने ते बिघडवले.

दोन्ही आकडे खरेच होते, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे होती. प्रश्न कोणता ते मी सांगितलेच नव्हते. आजोबा म्हणाले, "कारखान्यात नुसता आकडा कुणी देत नाही. नकाशावर बाण असतात. इथपासून इथपर्यंत. बाण नसेल तर तो आकडा धरायचाच नाही."

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली आणि वहीतली फुली खोडली. मग सगळ्यांनी मिळून हा उपक्रम पहिल्यापासून केला. तो असा.

पायरी १ : प्रमाण ठरवणे

१:५० हे प्रमाण मुलांना सोपे जाते. प्रतिकृतीवरचा १ सेंमी म्हणजे खरा अर्धा मीटर. आलेख कागदावर लगेच मांडता येते आणि धड साध्या कागदावर मावते.

दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या संचांवर बहुधा १:७२ किंवा १:४८ लिहिलेले असते. मुले विचारतात, असे विचित्र आकडे का? उत्तर फूट-इंचांत आहे. सहा फूट म्हणजे ७२ इंच. म्हणून १:७२ मध्ये सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. १:४८ मध्ये पाव इंच म्हणजे एक फूट. ही प्रमाणे ब्रिटन-अमेरिकेकडून आली, तिथे फूट-इंच चालत. आपल्या मुलांना फूट-इंच आणि मीटर-सेंमी यांची सांगड घालायला हे उदाहरण छान आहे.

पायरी २ : कोष्टक, पण बाणासह

आता आम्ही आकड्याच्या शेजारी 'कुठून कुठपर्यंत' हा रकाना सक्तीचा केला आहे. मिग-२१ एमएफ या प्रकारासाठी मुलांनी असे लिहिले :

- नळीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत : १५.७६ मी. → ३१.५ सेंमी
- हवेच्या तोंडाच्या कडेपासून नोझलपर्यंत : १२.२८५ मी. → २४.६ सेंमी
- एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत : ७.१५ मी. → १४.३ सेंमी

पहिल्या दोन आकड्यांत जवळजवळ सात सेंमीचा फरक आहे. तो कुठे गेला हे मुलांनाच शोधू द्या. पुढे नळी आणि नाकातला शंकू, मागे नोझलच्याही पलीकडे जाणारी शेपटीची टोके. ही नळी विमानाचा हवेतला वेग मोजण्यासाठी असते. शोभेची काडी नव्हे.

आणखी एक काळजी घ्या. 'मिग-२१' हे एका विमानाचे नाव नाही, एका मोठ्या कुटुंबाचे आहे. आपल्याकडे एफएल, एम, बिस असे वेगवेगळे प्रकार आले, आणि बिसमध्ये सुधारणा करून बायसन. एफएलची पाठ सडपातळ, बिसची फुगीर. एका प्रकाराची मापे आणि दुसऱ्याचा फोटो घेतला की प्रतिकृती कुणाचीच होत नाही. गटाने आधी प्रकार ठरवावा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहावा.

पायरी ३ : रेखाचित्र मोठे करणे

वरून, बाजूने आणि समोरून अशी तीन रेखाचित्रे लागतात. समजा १:७२ चे चित्र मिळाले आणि आपल्याला १:५० हवे आहे. मग झेरॉक्सच्या दुकानात किती टक्के सांगायचे? ७२ भागिले ५० म्हणजे १.४४, म्हणजे १४४ टक्के. माझ्या वर्गातल्या मुली दुकानात जाऊन "काका, एकशेचव्वेचाळीस टक्के करा" म्हणाल्या तेव्हा काकाही थक्क झाले. शेकडेवारीचा एवढा चांगला उपयोग मला पुस्तकात सापडला नव्हता.

झेरॉक्स आल्यावर तपासायचे. पंख पट्टीने मोजा. १४.३ सेंमी यायला हवेत.

दुसरी तपासणी कोनमापकाने. मिग-२१ च्या पंखाची पुढची कड ५७ अंशांनी मागे झुकलेली असते. (धडाला काटकोनात आडवी रेषा काढायची आणि तिथून कड किती मागे गेली ते मोजायचे.) प्रमाण १:५० असो, १:७२ असो किंवा खरे विमान असो, हा कोन ५७ अंशच राहतो. लांबी लहान होते, कोन लहान होत नाही. मुलांना हे पटकन पटत नाही. "बाई, विमान पन्नासपट लहान, मग कोन पण लहान होणार ना?" असे दोघांनी विचारलेच. त्यांना तीन वेगवेगळ्या आकारांची झेरॉक्स देऊन मोजायला लावले. प्रत्येक वेळी ५७.

हा कोन पहारेकऱ्याचेही काम करतो. चित्र मोबाइलवरून छापताना कधीकधी एकाच बाजूने ताणले जाते. मग लांबी जुळते, रुंदी जुळत नाही आणि कोन बदलतो. कोन ५७ नसेल तर ते चित्र वापरायचेच नाही.

फोटोवरून मात्र मापे घेऊ नका. कॅमेऱ्याजवळचे नाक मोठे दिसते, लांबची शेपटी लहान. फोटो आकार समजायला, रेखाचित्र मापायला.

पायरी ४ : करणे

साहित्य साधे : जाड कार्डशीट, फेविकॉल, पट्टी, कोनमापक, पॉलिश पेपर, पुढच्या नळीसाठी लांब सुई किंवा बारीक तार, पोस्टर रंग. आमच्या एका गटाचा खर्च शंभर रुपयांच्या आत बसला. धड म्हणजे कार्डशीटची गुंडाळी, नाकात कागदी शंकू, पंख दुहेरी कार्डाचे.

कटर मोठ्यांनीच चालवावा, लोखंडी पट्टी धरून आणि खाली जुनी फरशी ठेवून. प्लास्टिकचा संच आणलात तर त्याचा गोंद आणि रंग खिडकी उघडी ठेवून वापरावेत. सुईचे टोक बोथट करून घ्यावे.

इथे एक गंमत होते. मुलांना पत्र्याच्या जोडाच्या रेषा फार आवडतात. ती स्केचपेनने जाड रेघा मारतात. त्यांना विचारा, खऱ्या विमानावर जोडाची फट दोन मिलिमीटर धरली तर १:५० मध्ये किती? ०.०४ मिलिमीटर, म्हणजे केसाएवढी किंवा त्याहूनही बारीक. स्केचपेनची रेघ अर्धा मिलिमीटर धरली तर खऱ्या विमानावर ती अडीच सेंमीची भेग झाली! म्हणून टोकदार पेन्सिलीने हलकी रेघ, किंवा रेघ नाहीच. काय सोडून द्यायचे हेही मापावरूनच ठरते.

पायरी ५ : वर्ग आणि घन

तयार प्रतिकृती हातात घेऊन विचारा, खऱ्या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे वजन सुमारे ८,२०० किलो. मग आपली प्रतिकृती किती वजनाची असायला हवी?

हमखास उत्तर येते : ८,२०० भागिले ५०, म्हणजे १६४ किलो. त्यांना म्हणा, उचलून दाखवा बरं! वर्ग हसतो आणि मग विचार सुरू होतो. लांबी ५० पट कमी झाली, रुंदीही ५० पट, उंचीही ५० पट. म्हणजे घनफळ ५० × ५० × ५० = १,२५,००० पट कमी. ८,२०० किलो भागिले १,२५,००० म्हणजे साधारण ६६ ग्रॅम. एका मध्यम बटाट्याहूनही कमी. वाण्याच्या काट्यावर प्रतिकृती ठेवून बघा.

पंखांचे क्षेत्रफळही काढता येते. खरे २३ चौरस मीटर. ते २,५०० ने भागायचे, म्हणजे ९२ चौरस सेंमी. आलेख कागदावर चौकोन मोजून ताळा घ्या. (पंखांच्या मधला धडाखालचा भागही यात धरतात. इथेही तोच प्रश्न : कुठून कुठपर्यंत?)

पायरी ६ : हेलिकॉप्टर

वर्गातल्या काही मुलांना लढाऊ विमान नको होते. त्यांना चेतक दिले. फ्रेंच अलुएट-३ चे हे भारतीय रूप, बेंगळुरूच्या एचएएलमध्ये परवान्यावर बनवलेले. जखमींना आणि पुरात अडकलेल्यांना उचलून आणण्याचे काम या हेलिकॉप्टरने अनेक वर्षे केले आहे.

लांबीचा घोळ इथे आणखी मजेदार होतो :

- फक्त धडाची लांबी : १०.०३ मी. → २०.१ सेंमी
- वरच्या फिरत्या पात्यांच्या वर्तुळाचा व्यास : ११.०२ मी. → २२ सेंमी
- पाती फिरत असताना पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत : १२.८४ मी. → २५.७ सेंमी
- उंची : ३ मी. → ६ सेंमी

एका मुलीने विचारले, "बाई, पातं आडवं थांबलं तर लांबी कमी होईल का?" मी आनंदाने तिच्याच हातात खडू दिला. तीन पाती म्हणजे दोन पात्यांत १२० अंश. पाती कुठे थांबली यावर पुढचे टोक बदलते. म्हणून मोठी लांबी देताना 'पाती फिरत असताना' हे शब्द लिहावेच लागतात. हे शब्द म्हणजेच आजोबांचा बाण.

दुसरी बारीक गोष्ट. उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरची लांब पाती स्वतःच्या वजनाने टोकाकडे खाली झुकतात. फिरायला लागली की सरळ होतात. मुले बहुधा पाती पट्टीसारखी सरळ लावतात. उभे हेलिकॉप्टर दाखवायचे असेल तर पाती हलकेच बोटाने खाली वाकवा. एवढ्याने ते खेळण्यासारखे दिसायचे थांबते.

शेजारी १७० सेंमी उंचीच्या माणसाची कागदी आकृती उभी करा. १:५० मध्ये ती ३.४ सेंमीची होते. दार, चाके, खिडक्या यांची मापे चुकली असतील तर हा कागदी माणूस लगेच सांगतो.

अचूकपणा कशासाठी?

काही पालक म्हणतात, मॅडम, शोभेची वस्तू आहे, इतकं काय मोजायचं? त्यांना मी एक खरी गोष्ट सांगते.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेच्या नौदलाने तिथल्या शाळांतल्या मुलांकडून पाच लाख विमान-प्रतिकृती मागवल्या. लाकडी, काळ्या रंगाच्या, सगळ्या १:७२ प्रमाणात. त्या सैनिकांना विमाने ओळखायला शिकवण्यासाठी होत्या. आकाशात दिसते ती फक्त काळी आकृती, आणि ती आपली की शत्रूची हे काही क्षणांत ठरवायचे. ३५ फुटांवर धरलेली १:७२ ची प्रतिकृती २,५२० फुटांवरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते, म्हणजे जवळजवळ अर्धा मैल. शिकताना बघितलेल्या प्रतिकृतीचा पंखच चुकीचा असेल, तर सैनिक आपल्याच माणसांच्या विमानावर गोळी झाडू शकतो. म्हणून मुलांनी केलेली प्रत्येक प्रतिकृती तपासूनच घेतली जाई.

हा प्रयोग मैदानावर करता येतो. १:५० ची प्रतिकृती दहा मीटरवर धरा. ती पाचशे मीटरवरच्या खऱ्या विमानासारखी दिसते. मिग, चेतक आणि एखादे प्रवासी विमान काळे रंगवून मुलांना लांबून ओळखायला सांगा. पंखाचा कोन किती महत्त्वाचा ते त्यांना न सांगता कळते.

"पण लढाऊ विमानेच का?" हा प्रश्नही योग्य आहे, आणि तो वर्गात यायलाच हवा. मी मुलांना यंत्राची माहिती देते, लढाईचे गोडवे गात नाही. मिग-२१ चे पराक्रम सांगते तसे त्याचे अपघातही सांगते. आजोबांनी वर्गात एवढेच म्हटले, "आम्ही बनवलेल्या विमानात कुणाचा तरी मुलगा बसायचा. म्हणून एक मिलिमीटरसुद्धा सोडायचा नाही." वर्ग एकदम शांत झाला. यापेक्षा चांगला मूल्यशिक्षणाचा तास मी घेऊ शकले नसते.

पालकांसाठी दोन शब्द

मुलाला महागडा संच आणून देण्याची घाई करू नका. आधी पुठ्ठ्याचे एक विमान त्याला मोजून करू द्या. तुम्ही फक्त कापताना शेजारी बसा. पंख वाकडा लागला तर स्वतः सरळ करू नका. "माप घेतलंस का?" एवढेच विचारा.

गोव्याला गेलात तर दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर अशी खरी विमाने तिथे उभी आहेत. मुलाला वही-पेन्सिल घेऊन न्या. समोरून, बाजूने आणि मागून अशी तीन चित्रे काढायला लावा. शेजारी तुम्ही उभे राहा, म्हणजे त्याला माप मिळेल.

मूल्यमापन

मी आता गुण असे देते : मापाच्या कोष्टकाला चार, 'कुठून कुठपर्यंत' या रकान्याला तीन, तपासणीला (कोन, झेरॉक्स, कागदी माणूस) दोन आणि रंगकामाला एक. रंगाला जास्त गुण दिले की मुले मोजणे सोडून चकाकीच्या मागे लागतात.

आणि एक नियम स्वतःसाठी केला आहे. उत्तर जुळत नसेल तर फुली मारण्याआधी विचारायचे, "बाळा, तू हे कुठून मोजलंस?" दहापैकी नऊ वेळा मूल चुकलेलेच असते. पण दहाव्या वेळी चूक माझी असते, आणि तेव्हा त्याने आपले बरोबर काम माझ्यासाठी मोडू नये.

त्या मुलाने सात सेंमीचा तुकडा काढून टाकला. धड पुन्हा चिकटवले, पुढे सुई लावली. विमान आता आमच्या वर्गाच्या कपाटावर आहे. खाली त्याने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे : मिग-२१ एमएफ, प्रमाण १:५०, धड २४.६ सेंमी, तोंडाच्या कडेपासून नोझलपर्यंत. दोन्ही टोकांना त्याने बाण काढले आहेत.